चांदणीखालचा तांदूळ

"शिसं बदललंयस तू," हेमचंद्र म्हणाला.

डेक्लनने लक्ष्याच्या कागदाकडे पाहिलं. सहा गोळ्या सहा दिशांना गेल्या होत्या. "तोच साचा, तेच शिसं, तेवढंच कथील. रिव्हॉल्व्हर साफ कर, हेम."

"केलंय. दोनदा."

शिवाय गोळी सुटताना शिशाचे कण मनगटावर उडत होते. हा म्हातारा भंगारातलं शिसं वितळवून आपल्या माथी मारतोय, अशी पाल हेमचंद्रच्या मनात चुकचुकली. आयर्लंडमधल्या ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात तो भूल देणारा डॉक्टर. गॅसच्या सिलिंडरवरची चिठ्ठीसुद्धा दोनदा वाचायची, हा त्याचा धर्म. निवृत्त प्लंबर डेक्लन नेमबाजी क्लबसाठी गोळ्या ओतायचा, आणि वीस वर्षं त्याच गोळ्यांवर हेमचंद्रने कप जिंकले होते. पण संशय एकदा शिरला की वीस वर्षांना कोण विचारतो? त्याने कमिटीला पत्र लिहिलं. डॉक्टरच म्हणतायत म्हटल्यावर कमिटीने एका बैठकीत डेक्लनचं ओतकाम बंद केलं.

पुढच्या शनिवारी दुकानातल्या गोळ्याही तशाच भरकटल्या.

घरी येऊन त्याने रिव्हॉल्व्हर पुरतं उघडलं. रिकामी काडतुसं मागे ढकलणारी छोटी चांदणी असते, तिच्याखाली काहीतरी अडकलं होतं. टाचणीने उकरलं तर तांदळाचा दाणा निघाला, लालसर.

"अहो, ही तर खंडेनवमीची अक्षता!" त्याची बायको चित्रा म्हणाली. "तुम्हीच नाही का उघडून ठेवलंत पूजेला?"

हळदकुंकू त्याने वरवर पुसलं होतं. दाण्यामुळे चांदणी नीट बसत नव्हती, गोळ्यांचं फिरतं सिलिंडर केसभर तिरकं राहत होतं आणि गोळी नळीत शिरताना तासली जात होती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती त्याने. न जेवताच तो डेक्लनकडे निघाला.

डेक्लनच्या शेडमधली भट्टी थंड होती. साचे तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. हेमचंद्रने दाणा त्याच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. "चूक माझी. मी आजच कमिटीला लिहितो."

"राहू दे. त्यांनी दुकानात वर्षाची ऑर्डर दिलीय." डेक्लनने दाणा बोटाने उलटापालटा केला. मग फळीवरचा शेवटचा डबा काढून त्याच्यापुढे धरला. "पन्नास उरल्यात. सरळ जातील आता."

"डेक्लन, मला माफ कर."

"अरे, ग्रँड, सगळं ठीक. काही नाही त्यात, डॉक्टर."

वीस वर्षांत त्याने हेमचंद्रला कधी डॉक्टर म्हटलं नव्हतं. हेमचंद्र डबा घेऊन गाडीशी आला. मागे डेक्लन शेडचं दार ओढून कडी लावत होता.