ठमीचं दुधाविना पोट

मास्तर तसे एका जागी बसणारे टेलर. सकाळी मशिनीच्या पायट्यावर पाय ठेवला की जेवायलाच उठायचे. पण त्या आठवड्यात त्यांच्या पायाला भिंगरी लागली होती. दोन टाके घालायचे, उठायचं, आतल्या खोलीत डोकावायचं, परत यायचं. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला त्यांनी डावी बाही उजवीकडे जोडली, ती उसवली, आणि शहाण्यासारखी पुन्हा तिथेच जोडली.

कारण आत त्यांची पोर उपाशी होती, आणि तीही डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

ठमी साडेतीन वर्षांची. जन्मली तेव्हा तिची अन्ननलिका पोटापर्यंत पोचलेलीच नव्हती. पोटावर भोक पाडून नळी बसवली, तिच्यातून दूध सुरू झालं. पुढे ऑपरेशनं झाली, नलिका जोडली गेली, गिळायला काही अडचण नाही असं तपासून झालं. पण तोंड बडबडायला आणि बापाला चावायला असतं एवढंच पोरीला ठाऊक. दर तीन तासांनी पोट आपोआप भरतंय तिथे भूक कुठून कळणार? म्हणून डॉक्टरांनी ठरवलं, दहा दिवस दिवसाचं दूध बंद. नळीतून नुसतं पाणी, झोपताना अर्धं दूध. ताट पुढ्यात ठेवायचं, आग्रह करायचा नाही. खायला लागली तर नळी हळूहळू सुटेल, नाही तर पुढचा प्रयत्न थेट वर्षभराने.

बायको पोस्टात खिडकीवर बसायची, त्यामुळे दिवसभर पोर आणि पोरीचा उपास दोन्ही मास्तरांच्या गळ्यात. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, असं लोक खुशाल म्हणतात. त्यांनी एकदा ठमीचे हडकुळे दंड बघावेत. दुसऱ्याच दिवशी दुपारी ती पेंगुळली आणि मास्तरांचा धीर सुटला. पाण्याच्या वेळेला त्यांनी सिरिंजमध्ये दूध ओतलं. नळीला जोडलेली सिरिंज उंच धरून ते उभे राहिले, आणि दूध हळूहळू खाली उतरताना त्यांना इतकं बरं वाटलं की विचारू नका. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तर दोनदा. भांडं धुऊन, पुसून, जागच्या जागी.

पाचव्या दिवशी दवाखान्यात वजन होतं. नर्सताईंनी ठमीला काट्यावर बसवलं, वहीत पाहिलं, परत काट्याकडे पाहिलं. चार दिवसांत पोरीने एक बिस्किट काय ते चाटलं होतं, आणि वजन जागचं हललं नव्हतं. बायकोचा चेहरा उजळला. नर्सताईंचा काही उजळला नाही.

"हवा खाऊन वजन टिकत नाही," त्या म्हणाल्या.

बोट त्यांनी कुणाकडे दाखवलं नाही. एवढंच सांगितलं की पोट भरलेलं मूल तोंड उघडत नाही, आणि आता पाचच दिवस उरलेत. चोराच्या मनात चांदणं. मास्तर वर पंखा बघत राहिले.

परतताना बसथांब्यावर त्यांनी सगळं सांगून टाकलं. बायकोच्या अंगाचा तिळपापड होणार म्हणून ते तयारीत होते. तिने दोन बस जाऊ दिल्या.

"मास्तर, सकाळी ताट झाकताना माझेही हात शिवशिवतात," ती शेवटी म्हणाली. "म्हणून मी मागे न बघता जिना उतरते. मला निघून जाता येतं, तुम्हाला येत नाही, कळतं मला. पण आता तिची भूक तुम्ही चोरू नका."

मास्तरांनी कानाला खडा लावला. सहावा दिवस रडारडीत गेला. नळीतून पाणी, फक्त पाणी. ते स्वतःही धड जेवले नाहीत, आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता.

सातव्या दिवशी चारच्या सुमाराला ठमी बाहेर आली. स्टूल ओढून तिने फळीवरची सिरिंज काढली होती. ती मशिनीपाशी उभी राहिली, फ्रॉक वर केला, आणि सिरिंज बापाच्या हातात दिली.

"बाबा, घाल ना."

मास्तरांचा पाय पायट्यावरच थांबला. आजवर दूध घड्याळ बघून यायचं. तिने कधी मागितलं नव्हतं. हसावं की रडावं, त्यांना कळेना. खोटं कशाला बोला, दूध स्वयंपाकघरात होतं आणि ते निम्म्या वाटेपर्यंत गेलेही. मग त्यांनी सिरिंज कपाटावर टाकली आणि कुस्करलेल्या बटाट्याची ताटली आणली.

"नळीने नाही, ठमे. तोंडाने."

ताटली भिंतीवर गेली. पोर जमिनीवर आडवी पडून टाचा घासू लागली. मास्तर शेजारी फतकल मारून बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून, कारण त्या हातांचा त्यांना भरवसा नव्हता. तासाभराने रडता रडताच तिने जमिनीवरचा बटाटा मुठीत घेतला, तोंडात कोंबला, निम्मा थुंकला. उरलेला गेला. तिने परत मूठ भरली आणि परत भोकाड पसरलं.

बायकोने तो आवाज खालच्या मजल्यावरच ऐकला होता. ती धापा टाकत दारात आली. काय झालं, पडली का, ताप आहे का, सगळं एका दमात विचारलं.

"काही नाही झालं," मास्तर म्हणाले. "भूक लागलीय तिला."

ती चपला पायात असतानाच उंबऱ्यावर मटकन खाली बसली.

"परत सांगा," ती म्हणाली.