फळीवर उरलेला गिअर

कंपनीने परत बोलावलेल्या बारा मोटरसायकलींचा प्रत्येकी एक सदोष गिअर बदलायचा होता. तो धावताना अडकला की मागचं चाक जागीच जाम व्हायचं. मेकॅनिकच्या हातात कसब होतं, पण अंगात घाई. काम झालेल्या गाडीवर पिवळा ठिपका द्यायचा, असा नियम. डबी उघडली की रंग वाळतो, म्हणून या शहाण्याने सकाळीच बाराही गाड्यांना ठिपके देऊन टाकले. दुपारी सगळ्या गाड्या गेल्या आणि फळीवर एक नवा गिअर उरला.

कोणाची गाडी राहिली? ठिपके तर बाराही गाड्यांवर होते. बारांत धाकट्या बहिणीचीही गाडी होती. त्याने आधी तिलाच फोन लावला. तिसऱ्या खेपेला तिने उचलला.

"दादा, पेट्रोल भरतेय मी. तुला कसली आग लागलीय?"

"गाडी तिथेच ठेव. चालत घरी जा!"

त्याने सगळं कबूल केलं.

"बाकीच्या अकरा जणांना कळवलंस?"

"आता लावतो."

"म्हणजे अजून नाही? ते रस्त्यावर असतील दादा, ठेव फोन!"