चॉकलेटच्या वाटांचा नकाशा

मित्रांनो, मी बेल्जियममधल्या ब्रुज शहराचा एक जुना नकाशा आहे. कागदाचा, आठ घड्यांचा. छापखान्यातून निघालो तेव्हा कसा करकरीत होतो! आता घड्यांवर चिकटपट्ट्या आहेत आणि मोठ्या चौकावर कोकोचा डाग.

माझा धनी फिरमिन. कालव्याकाठी त्याचे चॉकलेटचे छोटे दुकान होते. मी गल्ल्यावर पसरलेला असे. गिऱ्हाईक वाट विचारी आणि फिरमिन माझ्यावर बोट ठेवून सांगे. "किती उपयोगी नकाशा!" असे कुणी म्हटले की मी फुलून जाई. पुढे त्याचे हात थरथरू लागले. साच्यात ओतताना चॉकलेट सांडू लागले. त्याने दुकान बंद केले, मला खणात टाकले, आणि सहा वर्षे तो कुणाच्याही चॉकलेटच्या दुकानाची पायरी चढला नाही. मीही बाटल्यांच्या बुचांखाली पडून राहिलो. फार वाईट वाटे.

त्याच्या बायकोला, गोडेलिव्हला, तर त्याहून वाईट वाटे. घरात बसून हा माणूस वाळत चालला होता. मग एके दिवशी तिची बहीण इर्मा जवळच्या गेंट शहरातून आली. दोघींनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलगडले.

"चार दुकानं, एक दिवस," गोडेलिव्ह म्हणाली आणि लाल पेन्सिलने माझ्यावर रेघ ओढू लागली. "आधी जवळचं, आल्याच्या चॉकलेटचं."

"मग पुलापलीकडचं, दुधाचं," इर्मा म्हणाली. "पायपीट कमी."

शेजारच्या खोलीत फिरमिन वर्तमानपत्र वाचत होता. निदान तसे दाखवत होता.

"आधी आलं?" तो तिथूनच ओरडला. "मग दुधाचं जिभेला काय कळणार, कपाळ?"

"तू तुझा पेपर वाच. तुला कुठे यायचंय?"

तो दोन मिनिटेही टिकला नाही. आला आणि त्याने पेन्सिल हिसकावली.

"चॉकलेट खायला निघालात की टपाल वाटायला? आधी दुधाचं, मग बदामाचं, मग कडू. आलं सगळ्यांच्या शेवटी!"

थरथरत्या हाताने त्याने माझ्यावर रेघ ओढली. गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तीनदा पूल ओलांडून.

"बाई गं, माझे गुडघे!" इर्मा म्हणाली. "आणि ही गिचमिड आम्हाला कळणार कशी?"

"त्याला मीच लागतो," फिरमिन पुटपुटला आणि कोट शोधू लागला.

गोडेलिव्हने तो आधीच खुर्चीवर काढून ठेवला होता. चॉकलेटवाल्याशी चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईला आले कधी खायचे हे ठाऊक नसेल का, मित्रांनो?

पहिल्या दुकानाच्या दारात मात्र तो थबकला. मी त्याच्या मुठीत होतो. आता हा मागे फिरणार, या भीतीने मी गारठलो. तेवढ्यात दुकानाची मालकीण, एकेकाळी फिरमिनच्याच हाताखाली शिकलेली लिझेलोट, हात पुसत बाहेर आली.

"मास्टर, इतके दिवस कुठे होता? चाखा, आणि खरं सांगा हं."

त्याने तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले.

"मीठ चिमूटभर कमी," तो म्हणाला. "थांब, आत येतो. दाखवतो."

मित्रांनो, जुन्या नकाशाची घडी अलगद घाला, त्याला ओलीपासून जपा. पण जपायचे म्हणून खणात कोंडू नका. आणि घरातले एखादे जाणते माणूस गप्प गप्प बसून असेल, तर त्याच्यासमोर मुद्दाम एक चुकीची रेघ ओढून बघा.