गेनू फिट झाला

मी गेनूच्या उजव्या पायाचा बूट बोलतोय. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सगळ्याला सुरुवात झाली. वेळ चुकायची नाही, कारण घाटमाथ्यावर पोचल्या पोचल्या गेनूनं मनगटावरचं घड्याळ बघितलं होतं, आणि मग तो आडवा पडला होता.

पण त्याआधीचं थोडं सांगितलं पाहिजे.

मी जन्मलो कानपुराकडं, एका कारखान्यात. टाचेला लोखंडी नाल, तळव्याला खिळे. लढाईचे दिवस होते, आमच्या जोड्या ढिगानं निघत. हिर्डोशीचा गेनू पलटणीत भरती झाला तेव्हा मी त्याच्या पायात आलो. हलका पाय होता त्याचा! मिसर देशाच्या वाळूतसुद्धा मला त्याचं ओझं वाटलं नाही. मग एकदा लॉरी उलटली, त्याचा उजवा गुडघा फुटला आणि मी कैक महिने दवाखान्याच्या खाटेखाली पडून राहिलो. पुन्हा त्यानं मला चढवलं तेव्हा मी कण्हलो. पडून पडून त्याचं पोट सुटलं होतं, आणि लंगडताना तो सगळा भार माझ्या एकाच कडेवर येत होता.

त्याला रजेवर घरी धाडलं. रजा संपली की पुण्याला डॉक्टर तपासणार. पास झाला तर पलटण, नाहीतर कायमचा घरी.

हिर्डोशीत मात्र त्याच्या पोटाचं कौतुक. "सरकारचं अन्न मानवलं रं तुला," म्हणत त्याची आई ठकुबाई ताटात आणखी एक नाचणीची भाकरी टाकायची. गेनू ताट सरकवायचा. "नगं आये, मला फिट व्हायचंय."

रोज उजाडायच्या आत तो मला चढवून वरंध्याच्या घाटवाटेला लागायचा. थोडं चालणं, थोडं पळणं, मग गुडघा धरून बसणं. त्याची बायको बयाबाई लहानग्या बनाला कडेवर घेऊन दारात उभी राही.

"वाटंत पडला-झडला तर कोन उचलनार तुमाला?"

"पडलो तर घरंगळत दारातच यीन की!"

त्या सकाळी तो एकदाही न बसता माथ्यावर पोचला. माझ्या दोन्ही कडांवर सारखा भार! आनंदानं त्याला रडू फुटलं, तेवढ्यात पोटरीत गोळा आला, आणि तो धापा टाकत धुळीत लोळला. शेळ्या घेऊन चाललेला म्हादू धनगर धावत आला.

"काय झालं रं?"

"फिट... फिट झालो, म्हादबा!"

म्हादूला एकच फिट ठाऊक. फेफऱ्याला भोरच्या दवाखान्यात फिट म्हणतात, हे त्यानं ऐकलं होतं. आणि फेफऱ्यावर आपल्याकडं उपायही एकच. त्यानं मला उपसून काढलं आणि गेनूच्या नाकावर दाबलं. गेनू सुटायला हातपाय झाडू लागला, तसं म्हादूनं आणखी जोरानं दाबलं.

दुपारपर्यंत गावभर झालं. "म्या माझ्या हातानं जोडा हुंगवला!" म्हादू शपथेवर सांगत होता. खोटं कुठं बोलत होता तो?

बयाबाई रडली नाही. तिनं नवऱ्याच्या मांडीवरून बनाला उचललं.

"चुलीम्होरं बसता तुमी हिला घिऊन. तवाच आली तर?"

"अगं, फिट म्हंजी धडधाकट!"

"धडधाकटाला कुनी जोडा हुंगवतं व्हय?"

गेनू हरला. "पुन्याच्या डागदरनं सांगितल्यावर तरी पटंल?"

"पटंल," ती म्हणाली.

तो पास झाला. पुण्याहून आला तो नव्या बुटांत, आम्हां दोघा जुन्यांना खांद्याला अडकवून. पारापासूनच ओरडत आला, "डागदर म्हनला फिट! पक्का फिट!"

पारावरचं कुणीतरी हळूच म्हणालं, "बघा. डागदरलाबी घावलं."

बयाबाईचा भाऊ सोनबा तिला माहेरी न्यायला पालीहून आलाच होता. गाठोडं बांधलेलं होतं. "तुमचा दोष न्हाई, दाजी," तो म्हणाला. "पर लेकरू लहान हाय."

गेनू एकटाच पलटणीत परत गेला. ब्रह्मदेशात गोळी लागून पडला. पण गावात गोळीचं नाव कुणी घेत नाही. "ऐन येळंला फिट आली आसंल," म्हणतात. माणसं ऐकतात अर्धं आणि धरून बसतात दुप्पट.

माझं म्हणाल, तर मी गुणाचा जोडा ठरलो. बयाबाईनं मला मागवून घेतलं. आता मी पालीला असतो, बनाच्या उशाशी. बाप आठवावा म्हणून नव्हे. पोरीला कधी फिट आलीच तर हाताशी असावा म्हणून. पोरीला विहिरीकडं जायचं नाही, चुलीपाशी बसायचं नाही. जरा उड्या मारल्या की आईच्या काळजाचं पाणी होतं. "पळू नगंस गं, बापावर जाशील!"

आई रानात गेली की बना मला पायात घालते आणि अंगणभर पळते. तेवढा वेळ मला पुन्हा हलका पाय भेटतो.

नाडीखाली मला जीभ आहे, पण ती चामड्याची. म्हणून तुम्हांला विनवतो. पालीकडं कुणी जाणार असाल तर बयाबाईला निरोप द्या: गेनूला फिट येत नव्हती, गेनू फिट झाला होता. यातलं अंतर तिला नाहीच उमगलं, तर एवढंच सांगा, पोरीला पळू दे.