मनोरमाबाईंची सालोमी

मनोरमाबाई खोकल्या की सालोमीलाही खोकला येतो, असं स्टाफरूममध्ये म्हणत. खोटं नव्हतं हो! बाईंसारखी कडक इस्त्रीची सुती साडी, बाईंसारखं चष्म्यावरून बघणं, पोरांना बाईंसारखंच हळू आवाजात फाडून खाणं. ही पाचूबंदरच्या कोळणीची लेक. शाळेत असताना बाईंनी तिला हाताला धरून पुढच्या बाकावर बसवलं, तेव्हापासून तिचा देव एकच. आता बाई रिटायर होणार होत्या आणि मुख्याध्यापिकेची खुर्ची कुणाला द्यायची ते कमिटी त्यांनाच विचारणार होती. सालोमीला ती खुर्ची हवी होती, झोपेतसुद्धा हवी होती.

"कमिटी सोमवारी येतेय," बाई म्हणाल्या. "गेटवर ती मासळीवाली बसते ना, तिला उठव. बघू तुझ्यात किती दम आहे."

गेटवर बसायची ती फ्लोरा, सालोमीची आई. बाईंना माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं!

सालोमीला शिपाई पाठवता आला असता. घरी जेवताना आईला सांगता आलं असतं, आय, चार दिवस बाजारात बस. पण नाही! अवघड काम बाई स्वतः करायच्या, तेही सगळ्यांदेखत; मग हिने तरी मागे का राहावं? शाळा सुटली, गेटवर पालकांची ही गर्दी, आणि बया निघाली तरातरा.

लेकीला बघून फ्लोराचं तोंड फुललं. "पापलेट घे गो, तुज्यासाठीच ठेवलंय."

"मावशी," सालोमी म्हणाली, "शाळेसमोर घाण करायची नाही. उठा."

मावशी! जन्म दिलेल्या आईला! फ्लोराने एकदा लेकीकडे बघितलं, मग जमलेल्या लोकांकडे. लेकीची अब्रू जाऊ नये म्हणून मान खाली घालून ती म्हणाली, "उठते, टीचर. चुकी झाली."

भरलेली पाटी डोक्यावर घ्यायला दुसऱ्याचा हात लागतो. सालोमी हाताची घडी घालून उभी राहिली. शेवटी एका रिक्षावाल्याने हात दिला.

सोमवारी कमिटीने क्षितिजाचं नाव ठरवलं. काल-परवा नोकरीला लागलेली क्षितिजा! सालोमी तडक बाईंच्या केबिनमध्ये गेली.

"बाई, तुम्ही सांगितलंत तसंच केलं ना मी?"

"केलंस की. मी खिडकीतून बघत होते." बाईंनी सावकाश चष्मा पुसला. "रिटायर झाले तरी मला या शाळेत यायचंय, सालोमी. सख्ख्या आईला मावशी म्हणणारी तू, उद्या मलाही गेटवरूनच वाटेला लावशील. क्षितिजा बावळट आहे, पण मला बघून उठून तरी उभी राहील."

"मग मला ते करायला लावलंत कशाला?"

"तू कुठवर जातेस ते बघायचं होतं." बाईंनी टेबलावरचा हार तिच्याकडे सरकवला. "हा तिला तूच घाल. आणि रडका चेहरा नको, लोक बघतायत."

सालोमीने हार घातला. हसून घातला, आणि टाळ्याही सगळ्यांच्या आधी तिनेच वाजवल्या.