डाव्या बाजूचे चाक

"अहो, पत्ते अजून आत खोचा. नाहीतर टायरवर रंग जाईल."

"आता बायकोने ड्रायव्हरला टायर शिकवायचा! धन्य आहे."

ते सकाळीच अंगणात गाडीच्या डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाशी फतकल मारून बसले होते. टायर आणि चाकाच्या रुपेरी अलॉय रिमची कड यांच्या फटीत जुन्या कॅटमधला एकेक पत्ता खोचून त्यांनी चाकाभोवती कडे पूर्ण केले होते. ती शेजारी स्टुलावर बसून बघत होती.

"राजाराणीलासुद्धा कामाला लावलंत."

"निवृत्तीनंतर असलीच हलकी कामं मिळतात," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

आयुष्यभर त्यांनी कारखान्याची बस चालवली. पहाटपाळीचे कामगार त्यांना 'लोणी' म्हणत. बस थांबली तरी झोपलेल्या माणसाची मान हलत नसे, म्हणून. आता त्यांच्या नजरेच्या ऐन मध्यावर एक धुके येऊन बसले होते. कडेचे दिसे, समोरचे विरघळून जाई. हे धुके निवळणारे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मुलाला त्यांनी सांगितले, नंबर वाढलाय, एवढंच. मुलाचा त्यावर विश्वास बसला नव्हता. मागच्या खेपेला तो बजावून गेला होता, "बाबा, आता गाडीवर एक ओरखडा जरी दिसला, तरी किल्ली मी घेऊन जाणार."

आज संध्याकाळी तो येणार होता. आणि चाकाच्या कडेवर वीतभर लांबीचा ओरखडा होता.

तो कसा आला, हे फक्त तिला ठाऊक होते. वळणावर एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. शेजारी बसलेली बायको "अहो!" म्हणून किंचाळली, तेव्हा कुठे त्यांनी स्टिअरिंग फिरवले आणि चाक पदपथाच्या दगडावर घासत गेले. "दिसली होती मला. ओरडतेस काय?" एवढेच ते म्हणाले होते. पण घरी पोचेपर्यंत त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेली नाही.

आज त्यांचे हात शांत होते. ओल्या पॉलिश पेपरने त्यांनी ओरखड्याभोवतीचा पारदर्शक थर उतरवला, खाचेत पुट्टी भरली, ती वाळल्यावर पुन्हा घासली. दर थोड्या वेळाने ते डोळे मिटून कडेवरून बोट फिरवत. "इथं केसभर उंच आहे," ते पुटपुटत आणि तेवढीच जागा घासत. डोळ्यांनी सोडलेले काम बोटांनी आपल्याकडे घेतले होते, आणि ती बोटे कुठेही चुकत नव्हती.

मग त्यांनी रंगाखालच्या प्रायमरचा राखाडी फवारा मारला आणि डबा इतर दोघांच्या शेजारी ठेवला. तिन्ही डबे सारख्याच उंचीचे. एक प्रायमरचा, एक रुपेरी रंगाचा, एक वरून मारायच्या पारदर्शक लॅकरचा.

प्रायमर वाळला. त्यांनी हात पुढे केला, डबा चाचपून उचलला, नाकाशी नेऊन न्याहाळला आणि खळखळ हलवला.

तो पुन्हा प्रायमरचाच होता. रुपेरी डब्याचे झाकणसुद्धा निघाले नव्हते.

'तो नव्हे, शेजारचा.' एवढेच म्हणायचे होते. शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. एका शब्दाने चाक नव्यासारखे झाले असते, मुलाला काही कळले नसते, आणि उद्या ते तिला शेजारी बसवून पुन्हा त्याच वळणावर गेले असते.

"कसा बसतोय?" फवारा मारता मारता त्यांनी विचारले.

"छान बसतोय."

"एकसारखा?"

"एकसारखा."

त्यावर त्यांनी लॅकरचे हात दिले, संथपणे, कुठेही ओघळ न येऊ देता. इतके सुंदर काम तिने त्यांच्या हातून क्वचितच पाहिले होते. तिला तिथून उठून जावेसे वाटले, पण उठवेना.

संध्याकाळी मुलगा आला. गाडीला फेरी मारता मारता तो त्या चाकापाशी थबकला. रुपेरी कडेवर राखेच्या रंगाचा एक पट्टा चकाकत होता. त्याने आईकडे पाहिले. तिने मान वळवली.

"बाबा, हे काय झालंय?"

"कुठं काय? हात फिरवून बघ की. लागतंय कुठं?"

मुलाने वाकून हात फिरवला. "नाही लागत."

"मग?"

"बाबा..." त्याचा आवाज खाली आला. "रंग राखाडी आहे. रुपेरी मारलाच नाही तुम्ही."

ते चाकाशी वाकले. मान तिरकी करून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बराच वेळ पाहत राहिले. मग सरळ झाले, खिशातून किल्ली काढली आणि मुलाने मागायच्या आत त्याच्या हातावर ठेवली.

"क्लच जरा वर धरतो तिचा. बेताने सोड."

गाडी गेली. तिचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत राहिला, मग तोही विरला.

"सकाळी तू स्टुलावरच होतीस ना?" त्यांनी विचारले.

"हो."

त्यांनी स्टूल चाचपून भिंतीशी सरकवले.

"ऊन आलं असेल तुझ्या डोळ्यांवर."

सकाळभर अंगणात भिंतीची सावली होती.

"हो," ती म्हणाली.

त्यांनी पायाने पायरी चाचपली, वर चढले आणि ती आत यावी म्हणून दार धरून उभे राहिले.