बारीक टायर

टायरच्या दुकानातल्या नवनाथनं गाडीचं स्टिअरिंग शेवटपर्यंत डावीकडे वळवलं आणि खाली वाकून चाकाच्या वर बोटं घालून पाहिली. मग उजवीकडे वळवून पुन्हा तसंच केलं.

"कुठंच घासत नाय, चाचा. दोनशे पाच मापाचा मस्त बसलाय."

रहेमान चाकाकडे बघत होता. नवा टायर जुन्यापेक्षा बोटभर रुंद होता. पण त्याला टायर दिसतच नव्हता. हेल्मेट घातलेली लेक इन्शा दिसत होती, आणि तिच्या समोर वेगात येणारं वळण.

"काढ तो," तो म्हणाला. "कंपनीच्या मापाचा घाल. एकशे पंच्याऐंशीचा."

"पण ताईंनी फोनवर हाच सांगितला हुता."

"मी बोलतो तिच्याशी."

इन्शा ओझरच्या कारखान्यात नोकरीला होती. पगारातून तिनं जुनी छोटी गाडी घेतली होती आणि येत्या रविवारी इगतपुरीच्या अलीकडे एका खासगी ट्रॅकवर ती पहिल्यांदाच पळवणार होती. सुट्टी मिळेना, म्हणून टायर बसवून आणायचं काम तिनं बापावर सोपवलं होतं. रहेमाननं उभी हयात पिंपळगावहून मुंबईला द्राक्षांचा टेम्पो नेण्यात घालवली होती. कसारा घाटात दरीत गेलेल्या गाड्या त्यानं वरून वाकून पाहिल्या होत्या. पोटच्या पोरीनं हौसेनं वेगाच्या वाटेला जावं, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. टायर बारीक म्हणजे गाडी सावकाश चालणार, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

संध्याकाळी इन्शा घरी आली. बाहेरूनच तिनं हाक मारली.

"अब्बा, टायर बसवले?"

"बसवले."

तिनं चाकावर एक थाप मारली आणि आत आली. टायरवरचे आकडे वाचायला ती वाकलीसुद्धा नाही.

रविवारी ट्रॅकच्या कठड्याशी रहेमान उभा होता. शेजारी तिथल्या शिकवणाऱ्या बाई एका गृहस्थांना समजावून सांगत होत्या.

"बारीक टायरनं गाडी हळू होत नाही. सरळ रस्त्यावर पळते तेवढीच पळते. वळणात मात्र पकड लवकर सुटते. तुम्ही स्टिअरिंग वळवता आणि गाडी सरळच जाते."

रहेमाननं समोर पाहिलं. ट्रॅकच्या टोकाला वळण होतं आणि पलीकडे मातीचा बांध. रांगेतली पुढची गाडी सुटली. आता इन्शाचीच पाळी होती.

कठडा ओलांडताना त्याचा पायजमा कुठंतरी अडकून टर्रकन फाटला. तो धावत सुटला. कोणीतरी ओरडलं, शिट्टी वाजली. त्यानं इन्शाच्या गाडीसमोर जाऊन बॉनेटवर दोन्ही हात टेकले.

"ते टायर नाहीत!" इंजिनांच्या आवाजात त्याला ओरडावं लागलं. "तू सांगितलेले नाहीत! बारीक आहेत. मीच बदलायला लावले."

हेल्मेटमधून इन्शाचे फक्त डोळे दिसत होते. तिनं गाडी रांगेतून बाजूला घेतली आणि बंद केली. उतरली नाही.

बाई आल्या. त्यांनी वाकून टायरवरचे आकडे वाचले, टायर दाबून पाहिले.

"टायर चांगले आहेत. याच्यावरही चालवता येईल. ब्रेक मात्र खूप आधी लाव. रुंद समजून त्या वळणात शिरली असतीस, तर..." त्यांनी मातीच्या बांधाकडे पाहिलं.

रहेमान खाली मान घालून उभा राहिला. तिनं चारचौघांत वाट्टेल ते बोलावं, आणि आपण ऐकून घ्यावं, असं त्याला वाटत होतं. इन्शानं त्याच्या फाटलेल्या पायजम्याकडे पाहिलं. मग तिनं हात लांब करून डावीकडचं दार उघडलं.

"बसा."

"मी?"

"बसा, अब्बा."

बाईंनी दिलेल्या हेल्मेटचा पट्टा त्याला लावता येईना. तो इन्शानं लावला. तेव्हा त्याच्या हनुवटीला तिचे हात लागले. ते बर्फासारखे गार होते.

गाडी सुटली. रहेमाननं सीटची कड घट्ट धरली.

"तुला भीती वाटते?"

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला."

"मग कशाला, बेटा?"

वळण जवळ आलं होतं. तिनं ब्रेक लावला, आधी, खूपच आधी, आणि नजर वळणातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर नेली. रहेमान डोळे मिटायला गेला. मग त्यानं ते उघडेच ठेवले, आणि ती जिथं बघत होती तिथं बघू लागला.